पहिल्यांदा ग्रामपंचायतीला उभं राहताय? बायकांसाठी कागदापासून सहीपर्यंत सगळं

२०१५ ला माझा फॉर्म छाननीत बाद झाला. मतदान लांबच राहिलं, चिन्हसुद्धा मिळालं नाही. कारण काय तर सासऱ्यांच्या नावावरच्या घराची पाणीपट्टी थकली होती, तिचं बिल कधी आलं, कोणी सही करून घेतलं, मला काहीच माहीत नव्हतं. समोरच्या पॅनेलनं हरकत घेतली, कागद दाखवला आणि पाच मिनिटांत माझी निवडणूक संपली. घरी येताना एसटीत मी एकटीच रडत होते. मग जानेवारी २०२१ ला परत उभी राहिले, निवडून आले, पुढं सरपंच झाले. मधल्या साडेपाच वर्षांत जे कळलं ते मला आधी कोणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं, म्हणून हे लिहितेय.

बाई राजकारणात आली की गाव बोलतं, भावकी बोलते, ते खरंच आहे. पण माझ्या डोळ्यासमोर ज्या बाया अडल्या त्यातल्या बहुतेक कागदावर अडल्या. आणि ज्या निवडून आल्या त्यातल्या कितीतरी सहीवर अडल्या, म्हणजे सही त्यांची आणि कारभार दुसऱ्याचा. म्हणून या लेखात जास्त जागा त्या दोन गोष्टींनाच दिलीय. सगळं महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतीपुरतं आहे. नियम, मुदती, रकमा अधूनमधून बदलतात, तेव्हा तुमच्या निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर झाला की तहसीलला जाऊन एकदा ताडून बघाच.

१. जागा कुठली ते आधी समजून घ्या

गाव प्रभागांमध्ये वाटलेलं असतं, एका प्रभागात दोन किंवा तीन जागा असतात आणि लोकसंख्येप्रमाणे ७ ते १७ सदस्य असतात. १९९३ ला ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली तेव्हा बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, आपल्या राज्यात २०११ ला ते निम्म्यावर आणलं. प्रभागरचना आणि आरक्षण सोडत जाहीर होते तेव्हा स्वतः जाऊन बसा, नवऱ्याला किंवा दिराला पाठवू नका. हरकत घ्यायची मुदत असते आणि ती फार थोडी असते.

इथं एक गैरसमज मला जवळजवळ प्रत्येक गावात भेटतो. "आमच्या प्रभागात महिला आरक्षण नाही, मग मी कशी उभी राहणार?" अहो, महिला राखीव जागेवर फक्त बाई उभी राहू शकते, पण सर्वसाधारण जागेवर बाई किंवा पुरुष कोणीही उभं राहू शकतं. खुल्या जागेवर बाईनं फॉर्म भरायला कायद्यानं काहीही अडचण नाही. आणि गावच्या मतदार यादीत नाव असेल तर गावातल्या कुठल्याही प्रभागातून उभं राहता येतं, तुमचं घर ज्या प्रभागात आहे तिथूनच पाहिजे असं नाही. हे एक तृतीयांश आरक्षण यायच्याही आधी, १९८९ ला, शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीनं गावोगाव अख्खी बायकांची पॅनेल उभी केली होती, जळगाव जिल्ह्यातलं विटनेर आणि यवतमाळचं मेटीखेडा तेव्हा बायकांनी जिंकलं होतं. त्या बायकांकडं एवढ्या राखीव जागा नव्हत्या.

सरपंचाचं पण बघून ठेवा. २०१७ ला थेट जनतेतून निवड सुरू झाली, २०२० ला ती रद्द होऊन सदस्यांमधून सरपंच निवडायचा ठरला (माझी निवड तशीच झाली), आणि २०२२ ला परत थेट निवड आली. थेट असेल तर सरपंचपदाचा फॉर्म वेगळा भरावा लागतो.

२. घरात बोलून घ्या, पण उभं राहायच्या परवानगीसाठी नव्हे

घरात बसून ठरवायच्या गोष्टी म्हणजे स्वयंपाक, पोरांची शाळा, म्हाताऱ्या माणसांची औषधं, शेतातली मजुरी, आणि महत्त्वाचं म्हणजे पैसे किती घालायचे आणि कोणाचे. मी सासूबाईंना सगळ्यात आधी सांगितलं. "आई, मला पुन्हा फॉर्म भरायचाय." त्या म्हणाल्या, "मागल्या वेळी पट्टी कोणी भरली नव्हती ते मला ठाऊक आहे, यंदा मीच भरते." आमच्या घरातला पहिला आधार तोच. तुमच्या घरी असं होईलच असं नाही, पण ज्या माणसाकडून सगळ्यात जास्त विरोध होईल असं वाटतं त्याच्याशी आधी बोला, शेवटच्या दिवशी तहसीलच्या दारात भांडण झालं तर फॉर्म राहून जातो, आमच्या शेजारच्या गावात राहिलाय.

३. कागद, आणि हे वर्षभर आधी सुरू करा

ही पायरी मोठी आहे, चहा करून घ्या आणि नीट वाचा.

लागणारे कागद असे. प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स काढून एका फाईलमध्ये ठेवा.

- गावच्या मतदार यादीतला तुमच्या नावाचा उतारा (यादी भाग आणि अनुक्रमांकासह)
- आधार, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्माचा दाखला
- राखीव जागा असेल तर जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र, किंवा पडताळणीसाठी अर्ज केल्याची पोच
- घरपट्टी, पाणीपट्टी भरल्याच्या पावत्या आणि थकबाकी नसल्याचा दाखला
- घरात शौचालय असून ते वापरत असल्याचं प्रमाणपत्र
- अपत्यांबद्दलचं घोषणापत्र, मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्ह्यांबद्दलचं घोषणापत्र
- निवडणुकीसाठी उघडलेल्या वेगळ्या बँक खात्याचं पासबुक
- अनामत रकमेची पावती, फोटो
- लग्नाचा दाखला किंवा नाव बदलाचं राजपत्र

वय फॉर्म भरायच्या शेवटच्या तारखेला २१ पूर्ण पाहिजे. तुमचा जन्म १ जानेवारी १९९५ ला किंवा त्यानंतरचा असेल तर सातवी पास असणं लागतं, त्याआधी जन्मलेल्यांना ही अट नाही.

आता यातले खड्डे.

*मतदार यादी.* लग्न होऊन आलात आणि नाव अजून माहेरच्या यादीत असेल तर सगळं तिथंच थांबतं. नमुना ८ भरून नाव सासरच्या गावी आणा. ग्रामपंचायतीची यादी ही विधानसभेच्या यादीवरूनच फोडतात आणि त्यासाठी एक ठराविक तारीख धरतात, त्या तारखेनंतर नाव आलं तर या निवडणुकीला उपयोग नाही. म्हणून आज जा.

*नाव.* बायकांच्या बाबतीत हा सगळ्यात मोठा घोळ. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, मतदार यादीत नवऱ्याच्या नावात एक काना कमी, जातीच्या दाखल्यावर वडिलांचं आडनाव. चार कागदांवर चार बाया दिसतात आणि हरकत घेणाऱ्याला तेवढंच पुरतं. लग्नाचं रजिस्ट्रेशन करून दाखला घ्या, किंवा राजपत्रात नाव बदल छापून घ्या, आणि बाकीचे कागद त्याला जुळवून घ्या. पुरुषांना हे काहीच करावं लागत नाही, त्यांचं नाव जन्मापासून एकच असतं, हा वेळ आणि पैसा फक्त आपल्याला घालावा लागतो आणि त्याची नोंद कुठंच होत नाही.

*जात पडताळणी.* जात माहेरची लागते, सासरची चालत नाही. म्हणजे वडील, आजोबा, चुलते यांचे जुने शाळेचे किंवा महसुली पुरावे माहेराहून आणायचे. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा बघतात, विमुक्त भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. मी नामाप्र (नागरिकांचा मागास प्रवर्ग, म्हणजे ओबीसी) महिला जागेवर होते, माझ्या आजोबांचा पहिलीचा दाखला शोधायला भावाला दोन तालुक्यांच्या शाळा पालथ्या घालाव्या लागल्या. माहेरी जमिनीवरून वाद असेल, भाऊ बोलत नसेल, तर हे कागद मिळवणं किती अवघड आहे विचार करा. म्हणून संबंध गोड असतानाच झेरॉक्स आणून ठेवा. फक्त पोच जोडून फॉर्म भरता येतो, पण निवडून आल्यावर दिलेल्या मुदतीत प्रमाणपत्र दिलं नाही तर पद जातं, आणि असं पद गेलेल्या बाया प्रत्येक तालुक्यात आहेत.

*थकबाकी.* माझा फॉर्म ज्याच्यावर गेला ते हे. बिल बजावल्यापासून तीन महिन्यांत पट्टी भरली नाही तर अपात्रता येते, आणि एकत्र कुटुंब असेल तर घरातल्या दुसऱ्या कोणाच्या नावची थकबाकीसुद्धा तुमच्यावर येते. सासरे, दीर, नवरा, सगळ्यांच्या नावची घरं, नळ, गाळे तपासा. पावती घ्या, नुसतं "भरलंय वहिनी, काळजी करू नका" यावर जाऊ नका.

*अतिक्रमण.* सरकारी किंवा गावठाणातल्या सार्वजनिक जागेवर अतिक्रमण असेल तर पद जातं, आणि २०१८ ला सुप्रीम कोर्टानं जनाबाई यांच्या प्रकरणात कुटुंबातल्या माणसाचं अतिक्रमण असलं तरी सदस्य अपात्र ठरतो असं सांगितलंय. यात बाया जास्त सापडतात कारण घर त्यांच्या नावावर नसतंच, पण राहायला त्या तिथंच असतात. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या महिला सरपंचांना असंच काढलं होतं, सासूबरोबर सरकारी जागेवरच्या घरात राहतात असा आरोप होता. त्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या आणि सप्टेंबर २०२४ ला कोर्टानं त्यांना परत पदावर बसवलं. बाई सरपंच झाली हे गावकऱ्यांना पचलं नाही असं कोर्टानंच म्हटलं. पण सगळ्यांना दिल्लीपर्यंत जायला जमत नाही, म्हणून आधीच ग्रामपंचायतीतला घराचा उतारा आणि सिटी सर्व्हेचा उतारा काढून घराची जागा बघून घ्या, ओटा रस्त्यावर आलाय का तेही.

*तिसरं अपत्य.* १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं असेल तर उभं राहता येत नाही. एका मुलानंतर जुळी झाली तर ते एकच धरतात. मला हा नियम बायकांवर अन्यायाचा वाटतो, कारण किती मुलं हे घरात कोण ठरवतं ते आपल्याला माहीत आहे, मुलगा होईपर्यंत थांबू देत नाहीत आणि मग त्याच कारणानं पद पण मिळत नाही. पण नियम आहे तोवर खोटं घोषणापत्र देऊ नका, त्यावर नंतर हमखास तक्रार होते.

४. पॅनेलवाल्यांशी बोलताना

ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, पॅनेल असतं. पॅनेलचे लोक जागा महिला राखीव झाली की घरी येतात आणि बोलतात नवऱ्याशी. तुम्ही चहा घेऊन बाहेर या, कप ठेवा आणि तिथंच बसा. विचारा, निवडून आल्यावर सरपंचपदाचं काय ठरलंय, खर्च कोण करणार, माघारीच्या दिवशी कोण काय म्हणणार.

"गाव बिनविरोध करू" हे शब्द आले की जास्त सावध व्हा. बिनविरोध चांगलं असू शकतं, पण बहुतेक वेळा माघार घ्यायला सगळ्यात आधी बाईलाच सांगतात. कधी तर पदाची बोलीच लागते. जानेवारी २०२१ ला नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबारमधलं खोंडामळी इथं लिलाव झाल्याचं समोर आलं तेव्हा राज्य निवडणूक आयोगानं दोन्हीकडची निवडणूकच रद्द केली. माघारीचा फॉर्म एकदा दिला की परत मागता येत नाही, म्हणून कोऱ्या कागदावर किंवा न वाचता कशावरच सही करू नका, "नुसतं घेऊन ठेवतो" म्हणाले तरी नाही.

५. फॉर्म भरणं आणि छाननी

फॉर्म ऑनलाइन भरून, प्रिंट काढून, सही करून निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडं द्यायचा असतो. शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. डिसेंबर २०२० ला शेवटी शेवटी नेट इतकं संथ चालत होतं की सेवा केंद्रांवर रात्री उशिरापर्यंत रांगा होत्या, शेवटी आयोगानं कागदी अर्ज घ्यायची मुभा दिली म्हणून पुष्कळ लोक वाचले. सेवा केंद्रावर पोरगा भराभर टाईप करत असतो, त्याला थांबवून नावाचं एकेक अक्षर, प्रभाग आणि प्रवर्ग स्वतः वाचा. लिहिता वाचता येत नसेल तर मुलीला सोबत न्या.

छाननीला स्वतः हजर राहा, मूळ कागदांची फाईल घेऊन. हरकत आली तर घाबरू नका, ती लेखी मागा, उत्तर लेखी द्या आणि पोच घ्या. २०१५ ला मी नुसती उभी होते, बिल बजावल्याची तारीख तरी दाखवा एवढं विचारलं असतं तरी काहीतरी झालं असतं. तालुक्यातला ओळखीचा एखादा वकील त्या दिवशी फोनवर तरी असू द्या.

६. प्रचार

सकाळी ११ ते ३ घरोघर जा, त्या वेळात बाया घरात भेटतात, संध्याकाळी शेतावरून येणाऱ्या बायांना वाटेत गाठा. बचत गटाच्या बैठकीत ज्या बायांबरोबर तुम्ही पैसे मोजलेत त्याच तुमच्या खऱ्या कार्यकर्त्या. हळदीकुंकू ठेवलंत तर विधवा बायांनाही मानानं बोलवा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ ला विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, मग सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं परिपत्रक काढलं, त्यामुळं आता कोणी नाक मुरडलं तर सांगायला आधार आहे.

बॅनरवर तुमचा फोटो मोठा आणि नाव पूर्ण छापा, "अमुक यांच्या सौभाग्यवती" एवढंच नको. मतदारांना तुमचं नाव यंत्रावर शोधायचंय.

मतदान यंत्राची एक गोष्ट म्हाताऱ्या बायांना आवर्जून समजावा. प्रभागात तीन जागा असतील तर सदस्यांसाठी तीनदा बटण दाबायचं असतं, प्रत्येक जागेच्या नावांची पट्टी वेगळी असते. नमुना मतपत्रिका घेऊन हाताला धरून दाखवा.

चारित्र्यावर बोलणं होतंच. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर माझ्याबद्दल जे फिरवलं ते मी इथं लिहिणार नाही. दोन दिवस घराबाहेर पडले नव्हते. तिसऱ्या दिवशी नणंद म्हणाली, "वहिनी, स्क्रीनशॉट काढा आधी." तेच करा. पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख, वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट, मग पोलीस ठाण्यात आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडं लेखी तक्रार, दोन्हीची पोच. कोणी अंगावर आलं, धमकी दिली तर ११२. ग्रुपवर उत्तर देत बसू नका.

७. खर्चाचा हिशोब, हरलात तरी

सदस्यसंख्येप्रमाणे खर्चाची मर्यादा असते, आमच्या ९ सदस्यांच्या गावात सदस्यपदाला २५ हजार होती. रोजचा खर्च वहीत लिहा, बिलं ठेवा, पैसे त्या वेगळ्या खात्यातूनच द्या. निवडणूक आयोगाच्या ट्रू व्होटर ॲपवर पण भरायचं असतं. निकालापासून ३० दिवसांत हिशोब दिला नाही तर पाच वर्षांपर्यंत अपात्र करतात. हरलेल्या बाया यातच फसतात, "हरले, आता कशाला हिशोब" म्हणतात आणि पुढच्या वेळी फॉर्म भरायला गेल्यावर कळतं. माघार न घेतलेल्या प्रत्येक उमेदवाराला हे लागू आहे, बिनविरोध आलेल्यालाही.

८. निवडून आल्यावर: सही तुमची, तर वाचणार पण तुम्हीच

निकालाच्या दिवशी गुलाल नवऱ्याच्या अंगावर आणि हार त्याच्या गळ्यात पडला तर त्या दिवशी सोडून द्या. पण पहिल्या मासिक सभेच्या दिवसापासून खुर्चीवर तुम्हीच बसायचं. सदस्य किंवा सरपंच नसलेल्या माणसाला मासिक सभेत बसून बोलायचा अधिकार नाही, मग तो तुमचा नवरा असो नाहीतर दुसरीचा. मी पहिल्या सभेत हे ग्रामसेवकांना सांगून इतिवृत्तात लिहून घेतलं. माझे पती बाहेर गाडीवर बसून राहिले, त्यांनाही अवघड गेलं, पण बाकीच्या दोन सदस्य बायांचे नवरे त्यांना बघून बाहेर थांबायला लागले.

पुढच्या गोष्टी मी स्वतः पाळल्या:

ठराव वाचल्याशिवाय सही नाही. इतिवृत्त सभेतच लिहून पूर्ण झालं पाहिजे, मधे कोऱ्या ओळी सोडलेल्या दिसल्या तर तिथं आडवी रेघ मारायला लावा. "मॅडम, नंतर भरतो" असं म्हणतात, त्या कोऱ्या जागेत नंतर काय येईल ते तुमच्या सहीनं येतं.

डीएससी, म्हणजे डिजिटल सहीचा तो पेनड्राइव्हसारखा टोकन, स्वतःच्या कपाटात ठेवा आणि पिन कोणाला सांगू नका. वित्त आयोगाचे पैसे आता ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवरून जातात आणि त्याला ग्रामसेवकाच्या (२०२४ पासून पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय) जोडीला सरपंचाची डिजिटल सही लागते. किती गावांत हे टोकन ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये पडलेलं असतं. उद्या काही अपहार निघाला तर वसुलीची नोटीस तुमच्या नावानं येणार, ऑपरेटरच्या नाही. मी पहिले तीन महिने टोकन मागितलं की "साहेबांकडं आहे" असं उत्तर यायचं. मी गटविकास अधिकाऱ्यांना लेखी अर्ज दिला, पोच घेतली, आठ दिवसांत टोकन हातात आलं.

मानधन स्वतःच्या, एकटीच्या खात्यात घ्या. सप्टेंबर २०२४ ला ते दुप्पट झालं, २००० पर्यंत लोकसंख्येच्या गावात सरपंचाला महिना ६ हजार.

ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करावे लागतात. हा आकडा दरवर्षी विचारा. आमच्याकडं तो कागदावर "साहित्य खरेदी"त जायचा, आम्ही त्यातून शाळेतल्या मुलींच्या शौचालयाचं दार आणि पाणी केलं.

ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घ्यावीच लागते. बऱ्याच ठिकाणी ती फक्त सह्यांच्या रजिस्टरमध्ये होते, अंगणवाडीत रजिस्टर फिरतं आणि झाली सभा. दुपारी दोनला, मंदिरात नाही तर शाळेत घ्या, म्हणजे सगळ्या समाजाच्या बाया येतात. आमच्या पहिल्या सभेला ११ जणी होत्या, वर्षानं ७० च्या वर.

सलग सहा महिने परवानगीशिवाय सभेला गैरहजर राहिलात तर पद जाऊ शकतं. बाळंतपण, आजारपण असेल तर रजेचा अर्ज आधी द्या, पोच घ्या.

९. अविश्वास ठरावाची भीती घातली तर

ऐकत नाही म्हटलं की हे अस्त्र काढतात. सरपंच सदस्यांमधून निवडलेली असेल तर महिला राखीव सरपंचपदावरच्या बाईविरुद्ध अविश्वास मंजूर करायला एकूण सदस्यांच्या तीन चतुर्थांश मतं लागतात, म्हणजे ९ जणांत ७. माझ्यावर दुसऱ्या वर्षी अशी बैठक लावली होती. मी दोन सदस्य बायांच्या घरी गेले, ठरावावरच्या त्यांच्या सह्या त्यांना न सांगता नवऱ्यांनी केल्या होत्या. दोघी बैठकीला आल्या आणि हात खालीच ठेवले. तेव्हा निवडून आल्याबरोबर बाकीच्या सदस्य बायांचे नंबर, त्यांच्या स्वतःच्या फोनचे, घेऊन ठेवा. महिन्यातून एकदा त्यांच्याकडं जा, सभेचं इतिवृत्त सोबत न्या आणि त्यांना वाचून दाखवा.